नसलेल्या बायकोसाठी प्रार्थना

दादा सुधारला, तेव्हा सगळ्यात आधी घरच्यांना काळजी वाटली. वहिनीने त्याचे खिसे तपासले. आईने कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं आणि मग स्वयंपाकघराचं दार लोटून धाकट्याला फोन केला.

"अरे, त्याने आज बशी हळू ठेवली," ती कुजबुजली.

"आपटली नाही?"

"नाही ना! वर मला विचारतो, आई, गुडघा कसा आहे? मी इतकी गडबडले की म्हटलं, कुठला गुडघा?"

"कुठेतरी पाणी मुरतंय," धाकटा म्हणाला.

धाकट्याला घरात शंक्या म्हणत. लहानपणी कुणी गोळी दिली की तो आधी "का?" विचारायचा, मग ती उजेडात धरून बघायचा आणि तोवर ती मुंग्यांना मिळायची. मोठेपणी त्याने या स्वभावाला साजेसा धंदा धरला. वडिलांच्या लॅबमध्ये तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या हिरड्यांचे ठसे पाठवायचे आणि शंक्या त्यावर मेण, प्लास्टर आणि चिकाटी वापरून दात उभे करायचा. दिवसभर खोटं हसू तयार करणाऱ्या माणसाला खरं हसूही जरा संशयास्पदच वाटतं. रस्त्यात कुणी त्याच्याकडे बघून हसलं की तो आधी दात बघायचा आणि मग माणूस. एकसारखे, सरळ, पांढरे दात दिसले की मनात म्हणायचा, बनवलेले आहेत. खऱ्या दातांत कुठेतरी एखादा वाकडा असतोच. चांगला कारागीर कवळीतही एक दात मुद्दाम किंचित तिरका बसवतो.

आता दादाचा स्वभाव एकाएकी कवळीसारखा सरळ झाला होता.

घर ख्रिस्ती होतंच, पण एखादा माणूस डावखुरा असावा तसं. म्हणजे जन्मापासून, आणि त्यासाठी विशेष कष्ट न घेता. जेवणाच्या खोलीत एक क्रूस होता. तो भिंतीला गेलेली भेग झाकायला लावलेला होता. भेग वाढली तेव्हा आईने गवंडी न आणता मोठा क्रूस आणला. वडील होते तोवर वर्षातून एखाद्या वेळी सगळे चर्चला जायचे आणि येताना दादाचं कुणाशी तरी भांडण व्हायचं. एकदा तर ते पाळकांशीच झालं होतं, गाडी कुणी कुठे लावायची यावरून.

त्याच चर्चमध्ये दादा आता दर रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन खुर्च्या मांडत होता.

इथवर शंक्याचं काहीच अडलं नव्हतं. माणसाने खुर्च्या मांडाव्यात, हव्या तर परत उचलाव्यात. पण एके दिवशी दादाचा फोन आला.

"तुला एक विचारायचं होतं. नाही म्हणालास तरी चालेल."

शंक्याने फोन कानापासून लांब धरून त्यावरचा नंबर पुन्हा पाहिला. 'नाही म्हणालास तरी चालेल' हे वाक्य दादाच्या तोंडून येणं म्हणजे मांजराने आधी विचारून दूध पिणं.

"मला लॅबमध्ये परत घेशील? टायरच्या गोदामात मन लागत नाही रे. बाबांनी शिकवलेलं काम विसरलो नाहीये अजून. हाताखाली राहीन तुझ्या."

"बघतो," शंक्या म्हणाला. शंक्याच्या भाषेत याचा अर्थ 'तुझी चौकशी करतो' असा होतो.

चौकशीला कारण होतं. वडील गेल्यावर लॅब दोघांनी मिळून चालवली होती. दादाचा हात कामात सोन्यासारखा, पण राग आला की त्याच हाताला जे लागेल ते उडायचं. प्लास्टर ओलं राहिलं, की वाटी. फोन वाजत राहिला, की फोन. एका दुपारी, एका डॉक्टरसमोर, शंक्याने फक्त "हा जबडा जरा पुढे आलाय" एवढंच म्हटलं आणि दादाने वरचा-खालचा जबडा जुळवून बघायचं पितळी यंत्र भिरकावलं. ते शंक्याच्या तोंडावर बसलं. पुढचा एक दात पडला. डॉक्टर म्हणाले, निदान योग्य जागी तरी पडला. कुणी हसलं नाही. शंक्याने स्वतःच्या तोंडाचा ठसा स्वतः घेतला, स्वतःचा दात स्वतः बनवला, कारण दुसऱ्या कुणावर भरवसा नव्हता, आणि दादाला सांगितलं, या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही. दादा शिव्या देत गेला आणि गेल्यापासून खरंच त्याने आत पाय टाकला नव्हता. शंक्या लॅबच्या वरच्या खोलीत एकटा राहू लागला. लॅबमध्ये काही पडल्याचा आवाज झाला की अजूनही त्याची मान आपोआप खाली जायची. कधीकधी ते त्यानेच पाडलेलं असायचं.

तेव्हा दादा खरा की खोटा, हे कळल्याशिवाय त्याला आत घ्यायचं नाही, असं शंक्याने ठरवलं. आणि हे कळायचं तर चर्चच्याच माणसांत घुसायला हवं.

रविवारी दादा असायचा, म्हणून त्याने शुक्रवार निवडला. शुक्रवारी संध्याकाळी चर्चचा एक छोटा प्रार्थनागट एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत जमायचा. दादाची गोदामात तेव्हा पाळी असे. खोलीत सात-आठ खुर्च्या, किटलीभर चहा आणि कोपऱ्यात डोकं नसलेला, कोट घातलेला एक लाकडी पुतळा. शंक्या पुतळ्याशेजारी बसला. त्यातल्या त्यात तोच विश्वासू वाटला.

गट चालवायच्या मावशी. रुग्णालयातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांचा आवाज असा की ऐकणाऱ्याने आपोआप बाही वर करावी. त्यांच्या शेजारी एक बस ड्रायव्हर, त्याचं पोट मांडीवर आणि हात पोटावर.

"नवीन दिसता," मावशी म्हणाल्या. "काय करता?"

"कवळ्या."

"अरे वा, मग इथे गिऱ्हाईक आहे," ड्रायव्हर म्हणाला आणि तोंड उघडून दाखवलं. शंक्याने सवयीने आत डोकावलं. खालचे चार बनवलेले, काम बरं होतं.

गाणं झालं, वाचन झालं आणि मग मावशींनी एकेकाला विचारायला सुरुवात केली, "तुमच्यासाठी काय मागू?" कुणाचा मुलगा परीक्षेला बसला होता, कुणाच्या घरात भाडेकरू निघत नव्हता. लोक आपापली दुखणी अनोळखी माणसांसमोर उघडपणे मांडत होते हे बघून शंक्याचे कान टवकारले. अच्छा! म्हणजे अशी माहिती गोळा करतात. त्याचा नियम पक्का होता, खरी माहिती कुणालाच द्यायची नाही. चुकून लागलेल्या फोनवर कुणी "कोण बोलतंय?" विचारलं तर तो "दुसराच" असं उत्तर द्यायचा.

"आणि तुमच्यासाठी?"

"माझ्या बायकोसाठी," शंक्या म्हणाला.

शंक्याला बायको नव्हती. मुली पाहायचे कार्यक्रम दोनदा झाले होते. पहिलीने हसून बघितलं म्हणून त्याला शंका आली आणि दुसरीने हसून बघितलं नाही म्हणून.

"काय होतंय तिला?"

"कंबर."

नर्सपुढे कंबर हा शब्द उच्चारणं ही चूक होती, हे त्याला लगेच कळलं.

"उजवीकडे की डावीकडे?"

"मधे."

"उठताना की बसताना?"

"दोन्ही वेळा. मधल्या वेळेतही."

"अगं बाई. नाव काय तिचं?"

"नाव सांगितलेलं तिला आवडत नाही."

"असू दे. देव ओळखतो तिला," मावशी म्हणाल्या. हे ऐकून शंक्याच्या अंगावर काटा आला.

सगळ्यांनी डोळे मिटले. शंक्याने मिटले नाहीत, कुठे काय चाललंय यावर लक्ष ठेवायला नको? खोलीभर मिटलेले डोळे, पुतळ्याला तर डोकंच नाही, आणि समोर ड्रायव्हरचा एक डोळा उघडा. दोघांची नजरानजर झाली. ड्रायव्हरने तो डोळा सावकाश मिटला, आणि दुसरा उघडला.

मावशींनी त्या कंबरेसाठी अशी प्रार्थना केली की कुणाची असती तर सरळ झाली असती.

शंक्या एकदाच जाणार होता. पण दादाबद्दल विचारायचं राहूनच गेलं, म्हणून पुढच्या शुक्रवारी पुन्हा गेला. जिना चढतो न चढतो तोच वरून आवाज आला, "कशी आहे ती?"

बायकोला झटपट बरं करून प्रकरण मिटवावं, असा विचार त्याने केला. "एकदम बरी आहे."

खोलीत टाळ्या पडल्या. एका बाईंनी डोळे पुसले. "मग पुढच्या वेळी घेऊन या," मावशी म्हणाल्या. "देवाने कसं बरं केलं, याची उभी राहून साक्ष देईल."

पुढच्या शुक्रवारी ती पुन्हा आडवी झाली. पहिल्यापेक्षा वाईट. जिना तर तिला स्वप्नातही चढवत नव्हता.

मग सूप सुरू झालं. मावशी डब्यात भरून द्यायच्या आणि शंक्या ते वरच्या खोलीत एकटा बसून प्यायचा. पहिल्यांदा त्याने ते बराच वेळ हुंगून पाहिलं, एक थेंब जिभेवर ठेवून वाट पाहिली आणि काही झालं नाही तेव्हा डबा रिकामा केला. धुतलेला डबा परत घेताना मावशींनी विचारलं, "आवडलं का तिला?"

"मीठ किंचित कमी वाटलं," तो म्हणाला, आणि मग घाईने, "तिला."

पुढच्या डब्यात मीठ बरोब्बर होतं. शंक्या चमचा हातात धरून बसून राहिला. त्याच्या आयुष्यात त्याने एक तक्रार केली, कुणी ती ऐकली आणि काहीही न आपटता दुरुस्त केली, असं आधी कधी झालं होतं ते त्याला आठवेना. यात यांचा काय फायदा, हे त्याने सगळ्या बाजूंनी तपासलं. फायदा सापडला नाही. त्यामुळे तो आणखी अस्वस्थ झाला.

एका दुपारी मेण वितळवायच्या ज्योतीवर त्याचं बोट भाजलं. पहिला विचार आला, शुक्रवारी सांगू. शुक्रवारी तो बोटाला पट्टी गुंडाळून गेला, ती सगळ्यांना दिसेल असा हात ठेवून बसला, पण सगळे बायकोबद्दलच विचारत राहिले. शंक्याला आपल्या बायकोचा हेवा वाटला.

दादाची माहिती त्याला शेवटी ड्रायव्हरकडून मिळाली. दोघे चहा घेत जिन्यात उभे होते.

"तो खुर्च्या मांडणारा," शंक्याने अगदी सहज विचारल्यासारखं केलं, "तो कसा आहे माणूस? मला जरा बनावट वाटतो."

"मलाही वाटला होता," ड्रायव्हर म्हणाला. "मी कुणावरच पटकन विश्वास ठेवत नाही, बस चालवतो ना. पण एका रविवारी त्याने साक्ष दिली. म्हणाला, जेवताना मिठाची बरणी घ्यायला हात पुढे केला आणि शेजारी बसलेल्या स्वतःच्या पोरीने डोकं खाली घातलं. मारायला हात उगारलाच नव्हता त्याने. नुसतं मीठ हवं होतं. म्हणाला, त्या दिवशी मला कळलं माझा हात काय आहे ते. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये येऊन मागच्या बाकावर बसला आणि पाळकांना म्हणाला, हा हात तुमच्या देवाला द्यायचाय, घेतो का विचारा."

"पाठ केलेलं वाटतंय," शंक्या म्हणाला. पण त्याची मान किंचित खाली गेली होती आणि कुठे काहीच पडलेलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मावशी त्याला म्हणाल्या, "आज तिच्यासाठी तुम्हीच प्रार्थना करा. नवऱ्याची प्रार्थना वेगळी असते."

सुटका नव्हती. शंक्याने घसा साफ केला.

"प्रभू," तो म्हणाला, "ती... एकटीच असते. दिवसभर. कुणी आलं की आधी त्याच्या हातांकडे बघते. दार वाजलं की दचकते. कुणी चांगलं वागलं तर तिला वाटतं, आता काहीतरी मागणार. तिला फार थकवा येतो याचा. थांबवता येत नाही. तिला जरा... बरं वाटू दे."

"आमेन," सगळे म्हणाले. मावशींनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. कंबरेचा उल्लेख राहून गेला, हे शंक्याच्या लक्षात रस्त्यात आलं. आणि प्रार्थनेच्या वेळी आपले डोळे मिटलेले होते, हेही.

आता सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं. पण ठरवलं शुक्रवारी, आणि मध्ये रविवार आला.

मंगळवारी सकाळी शंक्या एका वरच्या कवळीला पॉलिश करत होता. काचेच्या दाराबाहेर दादा उभा दिसला. उंबऱ्याच्या बाहेर, पायांची बोटं उंबऱ्याला टेकवून, हातात एक चपटी पेटी. शंक्याने यंत्र बंद केलं आणि सवयीप्रमाणे हातांकडे पाहिलं. हात पेटीवर होते, दोन्ही.

"आत येत नाही," दादा म्हणाला. "हे द्यायला आलो. तिच्यासाठी."

"कुणासाठी?"

"भावजयीसाठी."

शंक्याला वाटलं, आपण उभे असलेली फरशी कुणीतरी हळूच काढून घेतली.

"रविवारी पाळकांनी सगळ्या मंडळीसमोर मागितलं," दादा म्हणाला. "आपल्या कवळीवाल्या भावाची पत्नी अंथरुणाला खिळलीये म्हणून. गावात कवळीवाला तूच. मला आधी कळेचना काही. मग कळलं. तू लग्नाला बोलावलं नाहीस ते बरोबरच केलंस. मी तुझ्या जागी असतो तर मीही मला बोलावलं नसतं. आईला बोललो नाही, तुझं तू सांग, सावकाश. हा कमरेचा पट्टा आहे. माप माहीत नव्हतं, म्हणून मोठाच आणला. कालपासून उपास धरलाय तिच्यासाठी."

शंक्याने त्याच्या चेहऱ्यावर डाव शोधला. याला सगळं ठाऊक असणार, हा आपल्याला खेळवतोय, आता हसेल, आता हसेल. दादा हसला नाही. त्याचे डोळे लाल होते आणि दाढीचं एक टोक करायचं राहिलं होतं. हा माणूस रात्रभर एका नसलेल्या बाईच्या कंबरेवर विचार करत जागला होता. त्याने एकही प्रश्न विचारला नव्हता. लग्न कधी, कुणाशी, काहीच नाही. जे ऐकलं त्यावर विश्वास ठेवला आणि दोष स्वतःकडे घेतला.

लोकांना पारखायला निघालेला शंक्या, आणि त्या सगळ्या गोतावळ्यात खोटं बोलणारा सापडला तो एकच.

"दादा," तो म्हणाला, "बायको नाहीये."

दादाचा चेहरा पांढरा पडला. "गेली?"

"नाही, नाही! नव्हतीच. लग्नच नाही झालं. मी तुझी माहिती काढायला शुक्रवारी जायचो. काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं."

"बायको नाही?"

"नाही."

"आणि कंबर?"

"कंबरही नाही."

दादाच्या कपाळाच्या उजव्या बाजूची शीर वर आली. ती शीर शंक्याला लहानपणापासून पाठ होती. ती आली की त्यानंतर काय येतं, तेही. पेटी दादाच्या हातात वर गेली, खरं तर जेमतेम वीतभर, आणि शंक्याची मान खाली गेली. पूर्ण. हात डोक्यावर.

काहीच पडलं नाही. शंक्याने मान वर केली तेव्हा दादा त्याच्याकडे बघत होता, बऱ्याच वेळापासून बघत असल्यासारखा. मग त्याने पेटी उंबऱ्यावर ठेवली आणि तो निघून गेला.

झालं, शंक्याच्या मनात आलं. फुटलं बिंग. कातडी जरा खरवडली आणि आतून जुना दादाच निघाला. आपलं बरोबर होतं याचा आनंद व्हायला हवा होता. तो काही केल्या होईना. उलट कुणीतरी हातातलं काढून घेतल्यासारखं वाटत होतं.

इतक्यात काचेबाहेरून दादा गेला. डावीकडून उजवीकडे, मान खाली, ओठ हलत होते. थोड्या वेळाने तो पुन्हा डावीकडून आला आणि उजवीकडे गेला. तो पूर्ण गल्लीला वळसा घालत होता. तिसऱ्या वेळी समोरच्या न्हाव्याने दुकानातून बाहेर येऊन पाहिलं. चौथ्या वेळी दादा उंबऱ्याशी येऊन थांबला, घामाघूम.

"राग आला होता," तो म्हणाला.

"दिसला."

"अजून आहे. पण हातातून उतरलाय. आता नुसता पोटात आहे."

"चालताना काय करत होतास?"

"कोपऱ्यापर्यंत प्रार्थना. मग तुला शिव्या. मग परत प्रार्थना." त्याने कपाळ पुसलं. "पाळक म्हणतात देवाला दोन्ही ऐकू येतं, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. त्या दिवशीही मी असाच बाहेर जायला हवं होतं रे. यंत्र खाली ठेवून. गल्लीभर फिरून यायला हवं होतं. तुझा दात मी पाडला. माझं चुकलं. हे मला उंबऱ्याच्या आत येऊन सांगायचं होतं, पण तू आत घेईपर्यंत थांबलो तर राहून जाईल."

शंक्या पेटीकडे बघत होता. रागवलेल्या दादाने पेटी आपटली नव्हती. ठेवली होती. आईने फोनवर सांगितलेल्या बशीसारखी.

"सोमवारपासून ये," तो शेवटी म्हणाला. "ठशांना हात लावायचा नाही. ते मीच करणार. आणि शीर वर आली की सरळ बाहेर जायचं, मला विचारत बसायचं नाही."

"बरं."

"आणि उपास सोड. तिला बरं वाटतंय."

दादा हसला. शंक्याने सवयीने दात पाहिले. दादाचे खालचे दोन लहानपणापासून एकमेकांवर चढलेले होते.

शुक्रवारी शंक्या जिना चढला आणि कुणी काही विचारायच्या आत त्याने सगळं सांगून टाकलं. उभ्यानेच, पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवून. खालच्या शिलाई मशीनचा आवाज ऐकू यायला लागला.

"मला संशय होताच," ड्रायव्हर समाधानाने म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा," मावशी म्हणाल्या. मग शंक्याकडे वळल्या. "सूप कुणी प्यायलं?"

"मी."

"मीठ कमी कुणाला वाटलं?"

"मला."

"मग तसंच सांगायचं ना!" त्या कडाडल्या. "मला कमी वाटलं म्हणून! त्यासाठी एका बाईला अंथरुणाला खिळवायला लागतं का?" त्या खरोखर रागावल्या होत्या. एक बाई तर पर्स उचलून निघूनच गेल्या, त्यांनी त्या कंबरेसाठी पहाटे उठून प्रार्थना केली होती आणि त्यांना ते विसरायला बरेच शुक्रवार लागले. शंक्या जायला वळला.

"कुठे निघालात?" मावशी म्हणाल्या. "बसा. तुम्ही त्या दिवशी प्रार्थना केलीत, एकटी असते, दचकते, थकते, ते कुणाबद्दल होतं?"

शंक्या बसला. या प्रश्नाला 'दुसराच' असं उत्तर देता येईना.

"माझ्याबद्दल," तो म्हणाला.

मावशी उठल्या, त्याच्यामागे आल्या आणि त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात जड होता आणि त्याला साबणाचा वास होता. शंक्याचे खांदे आधी कानापर्यंत गेले. मग हळूहळू, मावशी मागत असताना, खाली आले. त्यांनी काय मागितलं हे त्याला नंतर नीटसं सांगता आलं नाही. तो रडत होता, आणि आपण रडतोय याच्यामागे कुणाचा हात आहे, हे शोधायचं त्याला सुचलं नाही.

सोमवारी सकाळी दादा लॅबच्या दाराशी आला आणि उंबऱ्याबाहेर थांबला.

"ये," शंक्या म्हणाला.

दादा आत आला. त्याने बाबांच्या टेबलाला हात लावला, वाटी घेतली, प्लास्टर कालवलं. शंक्या पाठमोरा उभा राहून काचेत त्याचे हात बघत होता. मिश्रण पातळ झालं होतं. हे सांगावं की नाही, यावर त्याने बराच वेळ घालवला.

"पाणी जास्त झालं," तो म्हणाला, आणि मानेवर ताबा ठेवला.

"हो रे. सवय गेली." दादाने वाटी धुतली. मग ओले हात पुसत, जरा संकोचत, म्हणाला, "सुरुवात करायच्या आधी मी गोदामात थोडी प्रार्थना करायचो. इथे चालेल?"

"मी करतो," शंक्या म्हणाला. हे वाक्य आपल्याच तोंडून निघालं, याचं त्याला आश्चर्य वाटलं.

दोघे टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिले. मधे वाटी, मेण आणि कुणाचा तरी खालचा जबडा.

"प्रभू," शंक्या म्हणाला. "माझा याच्यावर अजून पूर्ण भरवसा बसलेला नाही. तेवढं बघ."

"आमेन," दादा म्हणाला आणि नव्याने प्लास्टर कालवायला लागला.